नागपूरच्या पोलीस ठाण्यांत एआय आला, पण त्याची मालकी कोणाकडे?

धरमपेठकर (धागाकर्ता)

'महाक्राइमओएस एआय' ही तपासप्रणाली राज्यातल्या सगळ्या ११०० पोलीस ठाण्यांत नेणार, असं डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत जाहीर झालं. मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला तेव्हा हजर होते. त्याआधी ती चालवून पाहिली ती आपल्या नागपुरातल्या २३ ठाण्यांत. प्रणाली उभी आहे मायक्रोसॉफ्टच्या अझुर क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, आणि आत चालतं ओपनएआयचं मॉडेल.

सायबर फसवणुकीच्या तक्रारींचा ढीग पाहता पोलिसांना असं साधन हवंच. पण खोदत गेलं की तीच चार-पाच नावं येतात. चिप एनव्हिडियाची. क्लाउड ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट नाहीतर गुगलचा. जगातला जवळपास दोन तृतीयांश बाजार या तिघांकडे आहे. ओपनएआय २०१५ मध्ये ना-नफा संस्था म्हणून निघाली आणि २०१९ मध्ये तिच्यात मायक्रोसॉफ्टचे १ अब्ज डॉलर आले. डीपमाइंड ही एआय कंपनी गुगलने २०१४ मध्येच विकत घेतली. अँथ्रॉपिक या दुसऱ्या एआय कंपनीत ॲमेझॉनने ८ अब्ज डॉलर घालायचं ठरवलं, गुगलचेही पैसे आहेत. नवी कंपनी कितीही हुशार असो, यंत्रं भाड्याने घ्यायला तिला याच दारांत उभं राहावं लागतं.

विदर्भाने हे एकदा भोगलंय. बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळी रोखणारं मोन्सँटो कंपनीचं जनुक घातलेल्या बियाण्याला, २००२ मध्ये परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमची थैली सोळाशेच्या आसपास होती. आंध्र सरकार मक्तेदारीला आळा घालणाऱ्या एमआरटीपी आयोगाकडे गेलं, तेव्हा कुठे २००६ मध्ये भाव साडेसातशेवर आला. तोवर दुकानात दुसरं बियाणं मागायची सोयच संपत चालली होती. पुढे बोलगार्ड-२ या नव्या बीटीलाही गुलाबी बोंडअळी जुमानेनाशी झाली, तरी शेतकऱ्याकडे जायला दुसरी वाट नव्हती. एआयच्या करारात बाहेर पडायची वाट आत्ताच लिहून घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

इतवारी_ठोक

भाऊ, तुमचा बीटीचा दाखला अर्धाच आहे. लोकांनी ते बियाणं आपल्या पैशाने, रांगा लावून घेतलं, कारण बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या. कोणी बंदूक लावली नव्हती.

आणि इथे तर भाव उलटा पडून राहिला. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने पर्प्लेक्सिटी हे एआय ॲप वर्षभर फुकट दिलं, मग जिओने गुगलचं जेमिनी १८ महिने, नोव्हेंबरात ओपनएआयने चॅटजीपीटी गो वर्षभर. माझं किराण्याचं ठोक दुकान आहे. जीएसटीची नोटीस आली की आधी फक्त धडकी भरायची. आता फोटो टाकतो, कोणत्या महिन्याच्या कोणत्या रकमेचा घोळ आहे ते मराठीत समजून घेतो आणि मग सीएकडे जातो. समजून विचारतो म्हणून तोही नीट सांगतो.

मक्तेदारी पक्की असती तर जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक आल्यावर एनव्हिडियाचं बाजारमूल्य एका दिवसात जवळपास ६०० अब्ज डॉलरने पडलं असतं का? चीनमधून एक कंपनी उठते आणि सगळ्यांची झोप उडवते. बाजार जिवंत आहे, अजून काय पाहिजे?

धरमपेठकर

दादा, फुकट देतात ते सवय लागावी म्हणून. फेसबुकचं 'फ्री बेसिक्स' आठवा. तेही फुकटच होतं. दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये भेदभावाचे दर बंद केले नसते, तर गरिबाचं इंटरनेट म्हणजे फेसबुकने निवडलेल्या चार साइट्स झाल्या असत्या. त्या वेळी लोकांनी ट्रायला लाखोंनी पत्रं पाठवली होती. एआयबाबत तसा आवाज मला कुठे ऐकू येत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

मिहान_डेव्ह

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून गेली. नीट बांधलेल्या प्रणालीत मॉडेल बदलणं फार अवघड नसतं. चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतात, पण काम होतं. अडकतो आपण दोन ठिकाणी: एक, साठवलेला डेटा ज्या क्लाउडवर आहे तिथे, आणि दुसरं चिपमध्ये. एनव्हिडियाचं कूडा हे सॉफ्टवेअर दीड दशकाहून जास्त काळ लोकांच्या हातात बसलंय, ते सोडून दुसऱ्या चिपवर जाणं महाग पडतं.

मराठीचा हिशोबही सांगतो. मॉडेल मजकुराचे तुकडे करतं, त्यांना टोकन म्हणतात, आणि एपीआयचं, म्हणजे कंपनीचं मॉडेल आपल्या सॉफ्टवेअरला जोडून वापरायचं, बिल टोकनवर येतं. ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना स्वतःच उदाहरण दिलं: एका छोट्या मजकुराला मराठीत आधी ९६ टोकन लागायचे, ते ३३ वर आले. इंग्रजीत २७ चे २४ झाले. कोणी मोर्चा काढला नव्हता, कंपनीने आपणहून केलं. म्हणून मोठ्या कंपन्या म्हणजे शत्रूच, हे मला पटत नाही. एवढा खर्च करून भाषा सुधारण्याची ताकद आज त्यांच्याकडेच आहे.

बजाजनगरची_ताई

मिहानवाले दादा, तुमचेच आकडे घ्या. म्हणजे मे २०२४ पर्यंत त्याच मजकुराला मराठी माणूस इंग्रजीवाल्याच्या साडेतीन पट मोजत होता, आणि ते कधी थांबवायचं हे सॅन फ्रान्सिस्कोत ठरलं. निर्णय आपल्या फायद्याचा झाला याचा आनंद आहेच. पण उद्या उलटा झाला तर दाद कोणाकडे मागायची?

इतवारी_ठोक

मग सरकारकडे द्यायचं का? ताई, आपल्या वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेचं काय झालं ते आठवा. बिकानेरी नरमा बीटी हे सरकारी वाण आणलं, त्यात मोन्सँटोचंच जनुक निघालं आणि विक्री थांबवावी लागली. शेतकरी परत कंपनीच्या दारात.

बजाजनगरची_ताई

ते अपयश खरंच आहे आणि मोठं आहे. पण त्यातून मला उलटं दिसतं. सार्वजनिक संशोधन कच्चं राहिलं म्हणूनच कंपनीची पकड घट्ट झाली. इंडियाएआय मिशनला १०,३७२ कोटी मंजूर झालेत, त्यातून जीपीयू, म्हणजे एआयच्या चिप, तासाला शंभर रुपयांच्या आत मिळतात. मद्रास आयआयटीच्या एआयफॉरभारतने मराठीसकट भारतीय भाषांची मॉडेलं खुली ठेवली आहेत. आपल्या कॉलेजांतल्या पोरांनी हे वापरायला पाहिजे.

काटोलचा_संत्रावाला

राजेहो, मी बागायतदार. यंदा पाणी साचून झाडाले डिंक्या लागला. फोनवर एका एआयले विचारलं तर ते बाभळीच्या डिंकाचे फायदे सांगून राहिलं. मग सगळं इस्कटून सांगितलं, बुडाशी साल फाटली, डिंक गळून राहिला, पानं पिवळी पडून राहिली. तवा त्यानं फायटोप्थोरा बुरशी ओळखली. साल खरवडून बोर्डो पेस्ट लावा, बुडाजवळ पाणी साचू देऊ नका म्हणलं. बरोबर सांगितलं, खोटं कशाले बोलू.

पण डिंक्या म्हणजे काय हे त्याले मी शिकवलं. कोळशी, अंबिया बहार, फळगळ, हे सगळं आमीच शिकवणार. राज्यानं शेतीच्या एआयले ५०० कोटी दिले, चांगलं झालं. मात्र आमचे सवाल अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे जमा झाले पाहिजे, सगळ्याइले वापरता येतील असे. नाहीतर आमचीच बोली उद्या आमाले इकत घ्या लागन.

इतवारी_ठोक

काका, तुमचं पटलं. पण पोलिसांच्या बाबतीत मी हटणार नाही. आमच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला 'डिजिटल अरेस्ट' म्हणून फसवलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, ठाण्यात गेलो. एकेका बँकेचं पत्र टाइप होईस्तोवर रक्कम पुढच्या खात्यांत गेली होती. अशा वेळी जे साधन तासांचं काम मिनिटांत करते ते घ्या. करार सुधारत बसाल तोवर अजून किती घरं बुडतील?

धरमपेठकर

ते थांबवा असं मी म्हणतच नाही. पण त्याच म्हाताऱ्या माणसाचे खाते क्रमांक, जबाब, घरचा पत्ता आता त्या प्रणालीत जाणार. म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. तक्रारदाराचा डेटा मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरायला करारात मनाई आहे का? करार संपल्यावर तो कोणत्या स्वरूपात परत मिळणार? मराठी जबाबांवर अचूकतेची चाचणी कोणी घेतली? आणि तपासाची पायरी एआयने सुचवली होती हे आरोपीच्या वकिलाला कळणार का? मिहानवाले दादा, तांत्रिक मुद्दे तुम्ही एकदा तपासून द्या, आणि इतवारीवाले दादा, तुमची सही मला यावर पाहिजेच.