मदत हवी आहे: बाबांच्या कॉम्प्युटरवर अजून कुणीतरी बाहेरून शिरतंय

शनिवारी बाबांच्या स्क्रीनवर लाल रंगाचा इशारा आला आणि भोंगा वाजायला लागला. खिडकी बंद होईना, म्हणून त्यांनी तिथे दिलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या माणसाने गोड बोलून एक रिमोट सॉफ्टवेअर टाकायला लावलं. जवळजवळ ४० मिनिटं कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात होता. काळ्या खिडकीत त्याने भराभर काहीतरी टाइप केलं, मध्येच स्क्रीन काळी केली. ओटीपी मागितल्यावर बाबांना शंका आली आणि त्यांनी सरळ प्लग उपटला.

रविवारी मी ते सॉफ्टवेअर काढलं, विंडोजच्या डिफेंडर या अँटीव्हायरसचा फुल स्कॅन केला. काही सापडलं नाही. मंगळवारी रात्री मी समोर बसले होते, माउसला हातही लावला नव्हता. बाण आपोआप सरकला, ब्राउझरच्या चिन्हावर थांबला, आणि सेव्ह केलेल्या पासवर्डची यादी उघडली. मी धावत जाऊन राउटर बंद केला. तेव्हापासून कॉम्प्युटर नेटवर नाही.

आज शोधताना टास्क शेड्यूलरमध्ये (ठरवलेली कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) 'अपडेट' नावाचं एक काम दिसलं, लॉगिन झालं की चालणारं. ते प्रोग्रॅमडेटामधल्या एका फोल्डरकडे बोट दाखवतं, आणि नेमकं तेच फोल्डर डिफेंडरच्या एक्सक्लूजनच्या, म्हणजे स्कॅनमधून वगळायच्या, यादीत आहे! हे काम आणि फोल्डर काढलं तर पुरेल का? विंडोज १० आहे. फॉरमॅट टाळायचंय, कारण आईचे सगळे फोटो त्यातच आहेत. ती आता नाही.

प्रतिसाद:
फोल्डर काढून भागणार नाही. एक्सक्लूजनमध्ये टाकलेल्या फोल्डरकडे स्कॅन बघतच नाही, म्हणून काही सापडलं नाही. ४० मिनिटं ॲडमिनचे अधिकार हातात असलेल्या माणसाने एकच दार उघडं ठेवलं असेल यावर विसंबू नका. दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर बनवा, त्यावरून कॉम्प्युटर सुरू (बूट) करा, जुनी सगळी पार्टिशन्स (डिस्कचे भाग) काढून कोरं विंडोज टाका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा मशीनला झेपत असेल तर ११ च घ्या.

पण त्याआधी, आत्ताच, तुमच्या मोबाइलवरून बाबांचे पासवर्ड बदला. पहिला मेलचा, मग बँकेचा. बँकेला फोन करून झालेला प्रकारही सांगा. 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' नक्की करा, नुसता पासवर्ड बदलून चोरलेलं सेशन (आधीच सुरू असलेलं लॉगिन) दर वेळी बंद होत नाही. मेलमधलं फॉरवर्डिंग आणि रिकव्हरी नंबर बघा.

धागाकर्ती:
फॉरवर्डिंग होतं! बाबांच्या मेलची प्रत एका अनोळखी पत्त्यावर जात होती. काढलं, पासवर्डही बदलले. फोटोंचं काय? कॉपी करताना त्या माणसाने टाकलेलं काही बरोबर येईल का?

प्रतिसाद:
फोटो वाचतील. लाइव्ह लिनक्सच्या (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारी, विंडोजऐवजीची सिस्टिम) पेनड्राइव्हवरून बूट करा, म्हणजे विंडोज, आणि त्यात जे दडलंय ते, चालूच होणार नाही. मग फक्त फोटो आणि व्हिडिओ बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. डाउनलोड्स फोल्डर, झिप आणि इन्स्टॉलर तिथेच सोडा. नावाचा शेवट नीट वाचा: 'फोटो.जेपीजी.ईएक्सई' हा फोटो नव्हे. नव्या विंडोजमध्ये काही उघडण्याआधी ती डिस्क स्कॅन करा. आणि जुनी पार्टिशन्स काढण्यापूर्वी दहा-वीस फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, घाई करू नका.

धागाकर्ती:
कॉपी झाली, फोटो उघडतायत. आता इन्स्टॉल करायला घेते. बाबांचं रोजचं अकाउंट ॲडमिन नसलेलं ठेवलं तर चालेल ना? चूक आपली झाली म्हणून ते दोन दिवस नीट जेवलेले नाहीत, त्यांना अजून बांधून ठेवल्यासारखं वाटू नये.

प्रतिसाद:
चालेल, तसंच ठेवा. ॲडमिनचा पासवर्ड त्यांच्या वहीत त्यांनाच लिहू द्या. आणि प्लग त्यांनीच ओढला, हे त्यांना जरूर सांगा.