बंब भंगारात घाला म्हणणाऱ्यांना

तिसरं_गेट: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे, "नव्या घराला मीटर देताना सोलर हीटरची सक्ती केली ते झकास, आता जुन्या घरांनाही करा, बंब भंगारात घाला." साहेब, सोलर बसवला की वीजबिलात सूट किती ठेवली होती? युनिटला 50 पैसे, महिन्याला फार तर 50 रुपये. वर 2023 पासून कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना, 200 युनिटपर्यंत बिलच शून्य. शून्यातनं 50 कसे वजा करायचे? एका हातानं वीज फुकट वाटायची, दुसऱ्या हातानं वाचवा म्हणायचं!

टिळकवाडी_काकू: सरसकट 200 कुठं? तुमची आधीची सरासरी आणि वर 10 टक्के, तेवढंच फुकट. 200 ओलांडलं की अख्खं बिल. आमचा दोन किलोवॅटचा गिझर हिवाळ्यात तेच करत होता. सोलर आल्यापासून शून्य.

जांबोटीकर: काकू, जून ते सप्टेंबर आमच्याकडं ऊन दाखवा. बंबात वाळकी फाटी घातली की कढत पाणी, फुकटात.

टिळकवाडी_काकू: धूर कोण खातंय? तुम्ही पेटवताय की वहिनी?

जांबोटीकर: वहिनी. पण मुद्दा तो नाही.

वडगाव_मागवाला: ऊन राहूदे, पाणी कुठाय? 2008 ला बेळगावात 24 तास पाण्याचा प्रयोग काही वॉर्डांत झाला. आमच्या गल्लीत अजून नळाची वाट बघत बसायचं. टाकीत बोअरचं पाणी, क्षारानं पॅनलच्या नळ्या चोंदल्या. दुकानदार म्हणतोय, बोअरच्या पाण्याला वॉरंटी नाही!

तिसरं_गेट: राकसकोप धरण भरलं की फोटो टाकायला सगळे पुढं.

हिंदवाडी_७: हिडकलचंही पाणी येतं शहराला. धरणांना काय बोलता, गळती बघा.

वडगाव_मागवाला: तुमच्याकडं येतंय म्हणून तोंड चालतंय.

हिंदवाडी_७: तोंड सांभाळा. आम्हीपण टँकर मागवलेत. आणि विषय सोलरचा आहे.

वडगाव_मागवाला: पाण्याशिवाय सोलर काय चाटायचाय?

हिंदवाडी_७: जड पाण्याला हीट एक्स्चेंजरवालं घ्यायचं, बोअरचं पाणी पॅनलमध्ये जातच नाही. महाग आहे.

वडगाव_मागवाला: मग सरकारनं त्यावर पैसे द्यावेत की. 50 रुपयांत वॉशरपण येत नाही.

तिसरं_गेट: बरं, काकूंचा हिशेब मान्य, सत्कार ठेवूया. पण भाडेकरूनं काय करायचं? गच्चीला मालकाचं कुलूप.

टिळकवाडी_काकू: मालकाला सांगा.

तिसरं_गेट: सांगितलं. म्हणाले, बसवतो, पण भाडं वाढेल.