चौकात कॅमेरे लावा, पण बेड्याच्या वाटेवर कशासाठी?

पांदणवाट (धागा सुरू करणारा)

आमच्या गावात (यवतमाळ जिल्हा) येत्या ग्रामसभेपुढे ठराव येतोय. वित्त आयोगाच्या निधीतून आठ सीसीटीव्ही कॅमेरे घ्यायचे आणि चित्रण थेट पोलीस ठाण्यात दिसेल अशी जोडणी करायची. बसथांबा, शाळा, चौक या जागांबद्दल माझी तक्रार नाही. पण आठपैकी दोन कॅमेरे पारधी बेड्याकडे, म्हणजे पारधी समाजाच्या वस्तीकडे, जाणाऱ्या पांदण रस्त्यावर आहेत. गावातल्या दुसऱ्या एकाही वस्तीच्या तोंडाशी कॅमेरा नाही. या दोन कॅमेऱ्यांना माझा ठाम विरोध आहे आणि ग्रामसभेत मी तसं बोलणार आहे. तुमचं मत सांगा, विरोधातलं असलं तरी सांगा.

कपाशी_सोयाबीन

भाऊ, माह्या विहिरीवरची मोटर गेली, केबल गेली, स्प्रिंकलरच्या पितळी तोट्या गेल्या. रिपोर्ट द्याले गेलो त मलेच विचारते, संशय कोनावर हाय? आता मी काय सांगू? कॅमेरा असता त सांगाची गरजच नसती पडली. ज्याच्या मनात काही नाई त्याले कॅमेऱ्याचा भेव काहून वाटावा? अन रेशनवर अंगठा देतो, लाडक्या बहिनीची केवायसी करतो, शेतकरी ओळखपत्र काढलं. तवा कोनी हक्काची गोष्ट नाई काढली.

पांदणवाट

काका, तुमचं नुकसान खरं आहे, त्यावर वाद नाही. पण मोटर शेतातून गेली. बेड्याच्या वाटेवरच्या कॅमेऱ्यात तुमची विहीर दिसणारच नाही. त्यात दिसेल ते एवढंच : बेड्यावरून कोण किती वाजता निघालं, डोक्यावर काय होतं, परत कधी आलं. उद्या कुठेही चोरी झाली की पहिलं चित्रण तेच उघडलं जाईल आणि त्या रात्री जो कोणी त्या वाटेनं गेला असेल त्याला उचलतील.

हे मी हवेत बोलत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे त्याखाली नोंदलेल्या जमातींतल्या माणसाला केवळ जन्मामुळे ठाण्यात हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवानगी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. बेड्यावरच्या माणसांकडे बघायची नजर गेलेली नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगातल्या जातिभेदाच्या प्रकरणात पोलिसांना पुन्हा बजावावं लागलं की विमुक्त जमातींच्या (त्या कायद्याच्या यादीतून मोकळ्या झालेल्या जमातींच्या) लोकांना मनमानी अटक होता कामा नये. एका वस्तीचं येणंजाणं रोज टिपायचं म्हणजे हजेरीच झाली, फरक इतकाच की आता माणसाला ठाण्यात जावं लागणार नाही.

आर्वीची_आई

माझी मुलगी पहाटेच्या एसटीनं तालुक्याला कॉलेजला जाते. थांब्यावर दिवा नाही, पोरं येऊन उभी राहतात. मला कॅमेरा हवा आणि तो ठाण्यात दिसायलाच हवा, नाहीतर ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून राहील. रस्ता सार्वजनिक आहे, तिथे कसली गोपनीयता?

वकील_अमरावती

ताई, थांब्यावरच्या कॅमेऱ्याला इथे कोणीच नाही म्हणत नाही. पण 'रस्त्यावर कसली गोपनीयता' हे कायद्याला धरून नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी एकमतानं गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून तो हक्क संपत नाही, असंही त्या निकालात आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या मानानं बेताचा हवा. थांब्यावरचा कॅमेरा यात बसवता येईल. एकाच जमातीच्या वाटेवरचा कसा बसवणार?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर मात्र फार विसंबू नका. केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकतं. म्हणून ठरावातच अटी लिहून घ्या : चित्रण किती दिवस ठेवणार, कोण पाहणार, पाहिल्याची नोंद कुठल्या वहीत, आणि ती वही ग्रामसभेला दाखवणार का.

माजी_सरपंच

प्रत्येक गोष्टीत पोलीस म्हणजे शत्रू असं धरून चाललं तर गाव चालत नाही. ठाण्यात माणसं कमी, गावं जास्त. त्यांना कॅमेऱ्याची मदत लागते. एवढ्या अटी घातल्या तर निधी परत जाईल, मग बसा अंधारात.

पांदणवाट

सरपंच साहेब, शत्रू कोणीच म्हणत नाही. पण कॅमेरा कोणाकडे तोंड करून आहे हे बघायलाच हवं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी पोलीस सर्वोच्च न्यायालयातून सुटले. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. म्हणजे ठाण्याच्या आत काय होतं हा प्रश्न आपल्या विदर्भातूनच उभा राहिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा, आवाजासह चित्रण ठेवा, असा आदेश दिला. आपल्या ठाण्यात ते चालू आहेत का, हेही त्याच ग्रामसभेत विचारू. बेड्यावरच्या पोराला नेलं तर आत काय झालं ते दिसायला नको का?

बेड्यावरून

मी वसतिगृहात राहून शिकते. सुट्टीत रात्रीच्या गाडीनं घरी येते, त्याच पांदणीनं. ठराव लिहिताना आमच्या बेड्यावर कोणी विचारायला आलं नाही. आमच्याही कोंबड्या, शेळ्या चोरीला जातात. आमच्या हातपंपाजवळ दिवा नाही. कॅमेरा आमच्या रक्षणासाठी असेल तर तो बेड्यात लावा की नको हे आम्ही सांगू. वाटेवर लावताय तो आमच्यासाठी नाही, हे आम्हाला कळतं. ग्रामसभेला माझी आई आणि मावशी येणार आहेत. त्यांना बोलू द्या, एवढं बघा.

कपाशी_सोयाबीन

पोरी, तुह्यावर माहा रोख नाई. पन माही मोटर गेली हे बी खरं हाय.

पांदणवाट

काका, म्हणूनच सांगतो, ते दोन कॅमेरे शेतातल्या डीपीकडे (विजेच्या ट्रान्सफॉर्मरकडे) हलवू. मोटर, केबल, तांब्याची तार, चोऱ्या तिथेच होतात. तुम्ही सूचक व्हा, मी अनुमोदन देतो.

कपाशी_सोयाबीन

डीपीजवळ लावत असान त मी हात वर करतो. वहीच्या अटीले बी हो म्हनतो. पन मोटर पुन्हा गेली त मी बेड्याच्या वाटेची गोष्ट पुन्हा काढीन, हे आताच सांगून ठेवतो.

आर्वीची_आई

वही ठेवा, अटी ठेवा. थांब्यावरचा कॅमेरा मात्र ठाण्यातच दिसला पाहिजे. त्यावर मी मागे हटणार नाही.