क्रूझच्याच दिवशी सकाळचं विमान नको

आई-बाबांना घेऊन डिसेंबरात मुंबई–गोवा क्रूझ, आणि त्याच दिवशी सकाळच्या विमानाने नागपूरहून निघायचं, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून तसं करू नका. थंडीत धुक्यामुळे विमानं लांबतात आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. चेक-इन तर जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं, आणि चुकलेल्या क्रूझचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. आदल्या रात्रीची दुरांतोसुद्धा ज्येष्ठांसोबत मला जोखमीची वाटते. एक दिवस आधी पोहोचा, सीएसएमटीजवळ मुक्काम करा. क्रूझ जिथून सुटते तो बॅलार्ड पिअर धक्का तिथून टॅक्सीने अगदी जवळ आहे.

केबिन निवडताना वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीला भुलू नका. जहाज वर आणि दोन्ही टोकांना जास्त डोलतं. आईंना घाटात गाडी लागत असेल तर खालच्या डेकवरची, मधल्या भागातली केबिन मागा, लिफ्टपासून फार लांब नको. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्याआधीच द्यायची.

जाहिरातीतला भाव बहुधा दोघांच्या शेअरिंगवर, दरडोई असतो. पोर्ट चार्जेस, जीएसटी, ग्रॅच्युइटी (म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टीप) वेगळी. एजंटकडून सगळं धरून एकच आकडा लेखी घ्या, रद्द करण्याच्या अटींसकट. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा.

आणि बाबांची रोजची औषधं हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठ्या बॅगा केबिनमध्ये यायला कधीकधी काही तास लागतात.