उत्तर: काटा 100, जीपीएस 94

गाडीच्या स्पीडोमीटरचा काटा ताशी 100 किमी दाखवतो आणि त्याच वेळी मोबाइलचा जीपीएस 94, म्हणजे वेग मोजणारा सेन्सर गेला, असं एकाने म्हटलंय. तसं नाही, गॅरेजला पैसे घालू नका. संयुक्त राष्ट्रांच्या आर 39 नियमानुसार मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त मात्र खऱ्या वेगाच्या 10 टक्के अधिक ताशी 4 किमीपर्यंत चालतो. म्हणजे खऱ्या 94 ला 107 सुद्धा नियमात. कंपन्या मुद्दामच जास्त दाखवतात.

टायर बघा. 185/65 आर 15 मापाच्या टायरच्या जागी 195/65 आर 15 टाकला की व्यास सुमारे 2 टक्के वाढतो, तेवढा काटा खऱ्याच्या जवळ येतो. झिजलेल्या टायरचं उलटं.

तपासायचं तर ओझर-पिंपळगाव सरळ पट्ट्यात, क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप स्थिर ठेवणारी सोय) लावून. खऱ्या 80 ला किलोमीटर 45 सेकंदांत कापला जातो. कसाऱ्याच्या वळणांवर किंवा इगतपुरीच्या बोगद्यात जीपीएसवर विसंबू नका.