मदत हवी आहे : ‘रेवण’ हे नाव बाळासाठी ठेवावे का?

माझ्या भावाला मुलगा झाला असून, आत्या म्हणून बारशाला नाव ठेवण्याचा मान माझा आहे. आम्ही सोलापूरचे असल्याने घरात सिद्धाराम, सिद्धेश्वर, मल्लिनाथ ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेत ‘सिद्धाराम’ अशी हाक मारली तर दहाजण तरी वळून पाहतील! म्हणून ‘रेवण’ मनात आले.

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर (सिद्धेश्वर) यांच्या जन्माचे भाकीत रेवणसिद्धांनी त्यांच्या आईवडिलांना, म्हणजे सुग्गलादेवी व मुद्दगौडांना, सांगितले होते अशी कथा आहे, त्यामुळे हे नाव आपल्या मातीला परके नाही. वीरशैव परंपरेत रेवणसिद्ध हे पंचाचार्यांपैकी, म्हणजे पंथाच्या पाच आद्य आचार्यांपैकी, एक मानले जातात, तर नाथपंथात रेवणनाथ नवनाथांत गणले जातात आणि रेवा (नर्मदा) नदीच्या वाळूत सापडले म्हणून रेवण, अशी त्यांच्या नावाची उपपत्ती सांगतात. सांगली जिल्ह्यात विट्याजवळ रेणावी येथे रेवणसिद्धांचे स्थान आहे.

वहिनींना मात्र हे नाव जुनाट वाटते, आणि शाळेत मुले त्याचे ‘रावण’ करतील ही त्यांची भीती मला अगदीच निराधार वाटत नाही. आपल्यापैकी कुणाच्या घरी या नावाचा मुलगा असल्यास त्याचा अनुभव कृपया कळवावा. तसेच जन्मदाखल्यावर पूर्ण ‘रेवणसिद्ध’ लिहून हाक मारायला ‘रेवण’ ठेवावे, की दोन्हीकडे एकच नाव असलेले बरे?