शिधावाटप चालू ठेवायचंय, गर्दी नको (सांगली)

गावभागकर | मे २०२१
कोरोनाच्या या दिवसांत आमच्या मंडळाने तालमीच्या खोलीत धान्यकोठी सुरू केलीय. लोक डाळ, तांदूळ, तेल आणून देतात, आम्ही पुडे बांधतो आणि ज्याला नड आहे तो शनिवारी येऊन नेतो. हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बाया, रिक्षावाले येतात. पोरं म्हणतात दारात येणाऱ्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारणीचा बोगदा लावू. एक काका म्हणतात प्रत्येक पुडा पुसून तीन दिवस उन्हात ठेवा. निवडायला साठीच्या पुढच्या चौघी येतात, त्यांचाच घोर लागलाय. खोलीला खिडकी एकच. काय करावं?

मिरजेची सिस्टर (निवृत्त)
बोगद्याचं आधी डोक्यातून काढा. माणसांवर हायपोक्लोराइट (ते फवारणीचं जंतुनाशक) मारू नका, असं केंद्राच्या आरोग्य खात्याने एप्रिल २०२० मध्येच सांगितलंय. डोळे-घसा चुरचुरतो आणि छातीतल्या विषाणूला काही होत नाही. त्याच्याच एक टक्क्याच्या पाण्याने दाराची कडी, टेबल पुसा, तिथे ते कामाचं. पुडेही पुसत बसू नका, त्यांच्यावरून लागण होण्याची शक्यता फार कमी. आणि तेल तीन दिवस उन्हात? खवट होईल हो! हात साबणाने वीस सेकंद धुतले की झालं.

धोका आहे तो त्या खोलीत. चौघी गुडघ्याला गुडघा लावून डाळ निवडत असणार, आणि चहा आला की मास्क हनुवटीवर. न बघता सांगते. डाळ त्यांच्या घरी पोचवा, घरीच निवडू द्या. पुडे पोरांनी बांधावेत, तेही बाहेर ताडपत्रीखाली. पहिला डोस झालाय म्हणून मास्क काढायचा नाही. अंगात कणकण असेल त्याने ‘काम अडेल’ म्हणत यायचंच नाही.

कराडचा टेम्पोवाला
२०१९ च्या महापुरात टेम्पो थांबला की माणसं तुटून पडायची. ती पद्धत आता बंद करा. गल्लीवार वेळ वाटून द्या, चुन्याची फक्की मारून सहा-सहा फुटांवर चौकोन आखा. टेबल दारातच लावा, आत कुणाला घेऊ नका. पुडा टेबलावर ठेवून मागे सरायचं. आणि फोटो बंद! घेणाऱ्याला लाज वाटते, शिवाय फोटो म्हटलं की सगळे एकमेकांना खेटतात.

विश्रामबाग किराणा
मे-जूनला रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत आहे. कार्ड असेल त्याला पुन्हा तांदूळच कशाला देता? तूरडाळ, तेल, चटणी, मीठ, साबणाची वडी द्या. तांदूळ-गहू कार्ड नसलेल्यांसाठी राखा, बांधकामावरच्या परगावच्या मजुरांकडे बहुतेक इथलं कार्ड नसतं. आणि शिवभोजन थाळी सध्या फुकट आहे, पार्सल मिळतं. एकट्या माणसाला तिकडचं केंद्र दाखवा.

गावभागकर
बोगदा रद्द. पोरं जरा हिरमुसली, पण फक्की मारायला तीच पुढे आहेत. घरी विलगीकरणात असलेल्यांचं काय? दोन घरांतून निरोप आलाय.

मिरजेची सिस्टर (निवृत्त)
पुडा उंबऱ्यावर ठेवा, खाली उतरून मग फोन करा. फोनवर ऑक्सिजन किती आहे तेही विचारा. ९४ च्या खाली असेल तर शिध्याचं राहू दे, आधी डॉक्टर गाठायला सांगा.